गडग्यापलीकडचे पस्तीस टक्के

"पस्तीस टक्के!"

सकाळी मी दारात भांडी घासत असले की शेजारच्या घराच्या दगडी गडग्यापलीकडून आधी हा आवाज यायचा, मग एक हात वर व्हायचा, आणि मग दोन चिरे निखळलेल्या जागेतून काकांचं डोकं दिसायचं. उठलीस काय, चहा झाला काय, असलं काही नाही. हा माणूस सरकारी अनुदानाच्या टक्क्यांनीच हाक मारायचा. कधी पंचवीस, कधी पस्तीस, कधी पन्नास. एकदा नव्वद टक्क्यांची योजना सापडली, तर आनंदाच्या भरात ते गडग्यावर चढूनच बसले. काकी आतून ओरडल्या, "उतरायला काय योजना हाय काय?"

असा एखादा माणूस तुमच्याही शेजारी असेल. नसेल तर तुम्ही सुखी आहात, आणि थोडे गरीबही आहात, एवढंच मी म्हणेन.

मी मूळची रत्नागिरीची नाही. आमचं गाव बीडकडं. आईबाप ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की आमची गाडी कारखान्याच्या वाटेला लागायची आणि शाळा मागं राहायची. असं होता होता सहावीत ती कायमची मागं राहिली. लग्न झालं तेही रस्त्याच्या कामावर रोलर चालवणाऱ्याशी. म्हणजे आधी उसामागं, नंतर रस्त्यामागं. हायवेच्या कामासाठी आम्ही इकडं आलो, तेव्हा पोरगी शाळेच्या वयाची झाली होती, म्हणून पहिल्यांदाच कंपनीचा पत्र्याचा कॅम्प सोडून कुवारबावजवळ एक भाड्याची खोली केली. सुरुवातीला वर्गातल्या पोरी तिला "काय करायलीस" म्हणून चिडवायच्या. वर्षभरात त्याच तिच्या मैत्रिणी झाल्या, आणि ही घरी येऊन मलाच "अगो आई" म्हणायला लागली.

आता रस्ता संपत आला होता. सगळं गाव हा रस्ता कधी संपतो म्हणून शिव्या द्यायचं, आणि मी एकटी मनात म्हणायचे, राहू द्या की अजून जरा. रस्ता संपला की रोलर पुढं जाणार, रोलरमागं आम्ही, आणि पोरीची शाळा मागं. तिचं माझ्यासारखं होऊ द्यायचं नसेल तर मला इथंच, ह्याच जागी, स्वतःचं पोटापाण्याचं काहीतरी उभं करायला पाहिजे होतं. रात्रंदिवस एवढा एकच घोर होता.

मला येत काय होतं? कांडायला. इकडच्या घरांत वर्षाचा मसाला उन्हाळ्यात होतो. बायका घरी मिरच्या, धने, खसखस, दगडफूल सगळं मंद आचेवर भाजतात आणि डबे घेऊन कांडपावर जातात. आमच्या बाजूला कांडपयंत्र नव्हतं. जे होतं ते लांब, आणि तिथं चैत्रात एवढी गर्दी की बायका डबा रांगेत ठेवून घरी जेवून यायच्या. मी गावाकडनं लोखंडी खल आणला होता. त्यात आधी काकींचा मसाला कांडून दिला, मग काकींनी चार घरी सांगितलं. "देशावरची हाय, हाताला जोर हाय," असं माझं नाव झालं. एकदा मी काकींना सहज म्हटलं, "काकी, एखादं कांडपयंत्र घेतलं तर इथं चालंल का हो?"

हे मी काकींना म्हटलं होतं. ऐकलं काकांनी.

"मशीन?" ते पडवीतून उठून आले. "घेऊ नको! हात लावू नको! आधी योजना बघू. सरकार देता गो. फक्त मागायची रीत पायजे."

हे त्यांचं ब्रह्मवाक्य. सरकार देता, मागायची रीत पायजे. ही रीत काय असते ते पाहायचं तर त्यांच्या आवारात एक फेरी मारायला हवी. फणसाखाली मधमाश्यांच्या दोन पेट्या. माश्या एका पावसाळ्यात निघून गेल्या त्या गेल्याच. त्याच्या शेजारी गांडूळखताचा हौद; त्यात काकींनी अळू लावलं होतं. काजू वाळवायचं काचेचं कपाट. पावसात त्यात काकांच्या बनियनी वाळायच्या. आणि मागच्या बाजूला चांगली पक्की, पत्र्याची, सिमेंटच्या कोब्याची शेळ्यांची शेड. त्या शेडमध्ये आजपर्यंत एकही शेळी शिरलेली नव्हती. "शेड बांधून झाली आणि यंदाचा उद्दिष्ट संपला म्हणाले," काका सांगायचे, तेही जणू काही गाडी पाच मिनिटांनी चुकली अशा थाटात. "पुढच्या टायमाला येईल."

काकी म्हणायच्या, "आमच्याकडे सगळा आला. मधमाशी, गांडूळ, बोकडाचा गोठा. फक्त धंदा नाय आला."

कांडपाचं ऐकल्यावर काका कामाला लागले, असं मला वाटलं. पण त्यांची पद्धत उलटी होती. तुमच्या मनातल्या धंद्याला योजना शोधायची, असं ते करत नसत. ज्या योजनेत टक्के जास्त, तो धंदा तुमच्या मनात घालायला बघायचे.

"कांडपाला पंचवीस-पस्तीसच्या वर जात नाय," दोन दिवसांनी ते म्हणाले. "तू खेकडे पाळ."

"काका, मी आयुष्यात खेकडा हातात धरला नाही."

"धरायचा कशाला? पाळायचा हाय."

मग आळंबी आली. मग शोभिवंत मासे. मग बांबू. एका सकाळी ते मला लाव्हे पक्षी पाळायला सांगत होते, आणि मी हातात मुसळ घेऊन उभी होते. माझ्या तोंडावर काय दिसलं कोण जाणे, पण ते म्हणाले, "बरा, बरा. कांडपच बघू. पण टक्के फुकट चाललेत हो."

चीड यायची बघा. पण तुम्हीच सांगा, ह्या परमुलखात माझ्यासाठी सकाळी पेपर घेऊन बसणारं दुसरं होतं कोण? त्यांनी माझ्याकडून कधी चहापलीकडं काही घेतलं नाही. चहाही साखर कमी म्हणून नावं ठेवत प्यायचे.

मग आमची ऑफिसं सुरू झाली. पहिल्याच दिवशी एसटीत कंडक्टरनं मला बायकांचं अर्धं तिकीट दिलं, तर काकांनी सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं सांगितलं, "बघ! धंदा सुरू व्हायच्या आधीच पन्नास टक्के!" पुढच्या सीटवरची कोळीण पाटीवर हात ठेवून मला म्हणाली, "सासरा काय गो तुझा?" मी म्हटलं, "शेजारी." ती म्हणाली, "सांभाळ."

ऑफिसात शिरताना काका शर्टाचं वरचं बटण लावायचे आणि चप्पल दाराबाहेर काढायचे. कुणी काढा म्हटलेलं नसायचं. तिथल्या फरशीवर त्या दोन चपला पाहून मागून येणारी माणसंही बिचकून चपला काढायची. एकदा आम्ही बाहेर आलो तर दारात देवळासारखा चपलांचा ढीग, आणि शिपाई डोक्याला हात लावून उभा.

आत गेल्यावर मात्र हीच नम्रता कुठल्या कुठं जायची. साहेबांनी "हा दाखला जोडा" म्हटलं की काका विचारायचे, "कुठल्या नियमाखाली?" साहेबांनी नियम सांगितला की काका म्हणायचे, "तो बदलला." साहेब म्हणायचे नाही. काका म्हणायचे, पेपरात आला होता. मग पेपर शोधणं आलं, म्हणजे परत फेरी आली. कधी कधी खरंच बदललेला असायचा. पुष्कळदा नसायचा. बदललेला नसला तरी काकांच्या चेहऱ्यावर पराभव दिसायचा नाही. "पुढच्या टायमाला बदलतील," म्हणायचे.

एका योजनेत आठवी पास पाहिजे होतं. टेबलापलीकडच्या बाईंनी माझ्या दाखल्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं, आणि फार हळू आवाजात "सहावी?" असं विचारलं. त्या वाईट बोलल्या नाहीत. पण मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. काका लगेच पुढं सरकले. "ह्या योजनेचं जमत नाय, एवढंच ना? मग दुसरी दाखवा. सहावीची कुठली हाय?" जणू काही चपलेचा नंबर बसत नाही, दुसरा द्या. बाहेर आल्यावरही त्या गोष्टीवर एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी मला बिचारी कधी म्हटलं नाही. हे उपकार मी विसरणार नाही.

तेवढ्यात शिमगा आला. पालखी नाचून गेली, आणि कंपनीनं सांगितलं की ह्या पट्ट्यातलं काम वैशाखात आवरायचं. मालकांनी — माझ्या नवऱ्याला आमच्याकडं असंच म्हणतात — रात्री जेवताना एवढंच सांगितलं, "पुढचं काम विदर्भात हाय म्हणं." पोरगी ताटात बघत बसली.

आणि त्याच आठवड्यात सावर्ड्याहून निरोप आला. तिथल्या एका मावशीचं कांडपयंत्र विकायचं होतं. तिला मुलगा मुंबईला घेऊन चालला होता. मशीन जुनं, पण मोटार चांगली. किंमत माझ्या आवाक्यातली, कारण मला नुकतीच भिशी लागली होती. मसाल्याचा हंगाम तोंडावर होता. मी धावत गडग्याशी गेले.

"काका, मशीन मिळतंय!"

काकांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "मला सांगू पण नको! पूर्वसंमतीच्या आधी मशीन घेतलीस तर अनुदान गेला! आणि जुनी तर चालतच नाय. नवीन पायजे, कोटेशन पायजे. सहावीवाल्या योजनेची फाइल बँकेत गेली हाय. आता मुलाखत. थांब जरा."

"पण हंगाम थांबतोय का, काका?"

"हंगाम दरवर्षी येता. पस्तीस टक्के दरवर्षी येत नाय."

आणि मी थांबले. आपल्याला कळत नाही, शिकलेलं नाही, ह्यांना कळतं, असं मनात घट्ट बसलेलं असतं ना, त्याचा हा परिणाम.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी काकांनी मला पडवीत बसवून शिकवलं. योजना नवीन उद्योगासाठी होती. जुना चालू धंदा असला तर पैसे मिळत नाहीत. "तेव्हा हे ध्यानात ठेव," काका बोट नाचवत म्हणाले, "तू कांडतेस, विकतेस, हे बोलायचा नाय. आधीपासून करत्ये म्हणालीस की जुना उद्योग धरतील, की गेला. नवीन! कोरी पाटी!"

काकी आतून म्हणाल्या, "अहो, तिला येतं म्हणून तर ती मागत्येय."

"तू गप. तुला नियम माहीत नाय."

बँकेत साहेब तरुण होते, भले वाटले. त्यांनी मलाच खुर्ची दिली. काका मागं उभे. साहेबांनी विचारलं, "ताई, मसाला कांडपाचा काही अनुभव?"

मागून काकांचा खोकला आला.

"नाही साहेब," मी म्हटलं.

"घरी? थोडाफार?"

"नाही साहेब."

"मिरची कधी कांडली तरी आहे का?"

"कधीच नाही साहेब," मी म्हटलं, आणि टेबलावरचे माझे हात खाली घेतले. सकाळीच पलीकडच्या वहिनींची ब्याडगी कांडून आले होते. नखं तांबडीलाल, आणि पदराला असा काही वास, की बोलता बोलता साहेबांना तीन शिंका आल्या. त्यांनी रुमालानं डोळे पुसले, माझ्याकडं पाहिलं, काकांकडं पाहिलं. मग म्हणाले, "ताई, ज्या कामाचा काहीच अनुभव नाही, त्याला मी कर्ज कशाच्या भरवशावर देऊ?"

आता काय बोलणार? खरं सांगावं तर आधीचं खोटं ठरतं. काका मागून "साहेब, नियमाप्रमाणे नवीन उद्योग..." असं सुरू झाले, पण साहेबांनी हात जोडले. फाइल परत आली. शेरा: अर्जदारास व्यवसायाचा अनुभव नाही.

मारुती मंदिराच्या स्टॉपवर, भर दुपारी, चार लोकांत मी काकांवर ओरडले. आयुष्यात मी मोठ्या माणसाला उलट बोलले नव्हते. "जे एक मला येत होतं तेच तुम्ही नाही म्हणायला लावलं! तुम्हाला धंदा करायचाच नसतो हो काका, तुम्हाला नुसतं मागायचं असतं! माझ्या पोरीची शाळा जाईल, तुमचं काय जातंय?"

काका म्हणाले, "नियमानं बरोबर होता." एवढंच. एसटी आली. ते पुढं बसले, मी मागं.

मग बरेच दिवस गडग्यावर डोकं आलं नाही. टक्के आले नाहीत. सकाळ कशी शांत जायची, आणि त्या शांततेचाही मला राग यायचा.

एका संध्याकाळी काकीच आल्या, वाटीत उकडलेले फणसाचे घोटे, म्हणजे आठळ्या, घेऊन. बसल्या. म्हणाल्या, "तुला राग आलाय तो बरोबर हाय. मी असते तर ढकललाच असता एसटीखाली. पण एक सांगते. मुंबईत असताना ह्यांनी एक दुकान घातलं होतं. आमसुलं, कोकम, पापड, आपल्याकडला माल. स्वतःच्या जिवावर, कुणाला न विचारता. दोन पावसाळे चाललं, मग बुडालं. परत गोडाऊनला नोकरी धरली. आणि मग कुणीतरी एक जण ह्यांना म्हणाला, अहो, ह्याला सरकारची मदत होती, तुम्ही मागितली का नाय? तेव्हापासून ह्यांचा असा झाला. दुसऱ्या कुणी न मागता धंदा सुरू केला की ह्यांना झोप येत नाय."

मी घोटे खात ऐकलं. राग गेला नाही. पण राग कुणावर धरावा ते कळेनासं झालं.

दुसऱ्या दिवशी मी एकटी सावर्ड्याला गेले. मशीन अजून तिथंच होतं. मावशीनं चालवून दाखवलं, मी मोटारीवर हात ठेवून बघितला, मुसळं उचलून बघितली, किंमत पाडली आणि घेतलं. कुणाची संमती घेतली नाही, ना पूर्व ना पश्चिम. टेम्पोत मशीनशेजारी उभी राहून मी घरी आले, आणि वाटेत मनात येत होतं की काका दिसले तर काय सांगू.

घरमालकांनी मशीन पाहिलं आणि खोलीत लावायला साफ नाही म्हणाले. आवाज होईल, भिंतीला तडे जातील. टेम्पोवाला घाई करत होता. मी रस्त्यावर मशीन उतरवून त्याच्याशेजारी उभी, आता रडू येईल अशी. तेव्हा गडग्यापलीकडून आवाज आला.

"कोबा चार इंची हाय."

काका होते. माझ्याकडं बघत नव्हते, मशीनकडं बघत होते.

"शेडीचा कोबा. चार इंची घातलाय, बकऱ्यांसाठी. मशीनचा भार घेईल. वीज घरातून ओढता येईल, मग तुझा मीटर घे." मग मशीनभोवती एक फेरी मारून, "मात्र एक हाय. बकऱ्यांची योजना परत आली की उठायचा. बकरी आली की तू बाहेर. आताच सांगून ठेवतो."

"उठेन काका."

"जुनी घेतलीस," ते मशीनवर हात फिरवत, फार दुःखानं म्हणाले. "पस्तीस टक्के गो. पस्तीस."

हनुमान जयंतीला मशीन सुरू करायचं ठरलं. इकडं कुठलंही काम सुरू करताना नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. एक जण देवाला उभ्यानं सांगतो, आणि बाकीचे दर वाक्याला "होय म्हाराजा" म्हणतात. वाडीतली माणसं जमली. गाऱ्हाणं काकांनीच घातलं. धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी, आणि इथंही चपला शेडीबाहेर काढलेल्या.

"बा देवा म्हाराजा! आज ही परमुलखातली लेक तुझ्या शिवेत धंदा मांडत्येय, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"तिनं कुणाला न विचारता, पूर्वसंमती न घेता, जुनी मशीन आणलीन, म्हाराजा! ती चूक पोटात घाल, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळे म्हणाले. मीही म्हटलं. काय करता?

"तिला अनुभव हाय, म्हाराजा!" इथं त्यांचा आवाज जरा फाटला. "अनुभव नाय असा कुणी सांगितला असेल, तर तो सांगणाऱ्याचा दोष, तिचा नाय, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" ह्या वेळी काकींचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

"तुझ्या दरबारात कोटेशन लागत नाय, जामीन लागत नाय! ह्या अर्जदाराचा मसाला गावभर जाऊंदे, तिचा पोर शिकूंदे, आणि तिला हितनं उठायला लागू नये, असा कर, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

बकऱ्यांची अट ते गाऱ्हाण्यात घालायला विसरले. का मुद्दाम वगळली, ते त्यांनी कधी कबूल केलं नाही.

वाडीतल्या बायकांनी पहिल्या दिवसापासून डबे आणले. मुसळं पडायला लागली की शेडीत लाल धूर भरायचा आणि सगळा फणस शिंकायला लागेल असं वाटायचं. आणि गिऱ्हाईक रांगेत बसलं की काकांना आयता श्रोता मिळाला. नाकाला पदर लावून बसलेल्या बायकांना ते कोंबड्या पाळायला सांगायचे, शिंप्याच्या बायकोला मत्स्यतळं खोदायला सांगायचे. एक बाई मला हळूच म्हणाली, "तुझा मसाला चांगला हाय गो, पण ह्यांना जरा आत बांध." मी काकांना म्हटलं, "काका, गिऱ्हाईक पळेल." ते म्हणाले, "विस्तारासाठी पण योजना असते. आता तुझा जुना उद्योग झाला ना, मग त्यातली वेगळी हाय." माझ्या हातातला डबा खाली पडायचा राहिला.

आजही काका मुंबईहून फोन करतात ते ह्यासाठीच; तिकडं कसे गेले ते पुढं सांगते. मुंबईच्या फ्लॅटात पेपर कमी पडतात म्हणून आता मोबाईलवर शोधतात. मी मशीन बंद करून ऐकते. पूर्वी कावायचे, अजूनही कावते, पण बंद करून ऐकते.

वैशाखात कंपनीची वाहनं निघाली. रोलर ट्रेलरवर चढवला, मालक कॅबिनमध्ये बसले. ते विदर्भात, मी आणि पोरगी इथं, असं ठरलं होतं. काकी माझ्याशेजारी उभ्या होत्या. ट्रेलर वळणाआड गेला तशा म्हणाल्या, "आता तू खरी कोकणातली झालीस. पुरुष परगावी, आणि बाय हितं." मी हसले, मग रडले. शाळा सुरू झाली की पोरीला वह्या-पुस्तकं घ्यायची होती, ती मी त्याच आठवड्यात घेऊन ठेवली. जणू घेऊन ठेवली की कुणी उठवणार नाही.

आणि मग काकाच उठले. गुडघे पार गेले होते, छातीतही दुखायला लागलं होतं. मुलगा मुंबईहून गाडी घेऊन आला. पाऊस लागायच्या आत न्यायचं म्हणाला. चार दिवस काका मुलाशी भांडले. त्या भांडणातही त्यांनी त्याला मोफत तपासणीची एक योजना दाखवली, आणि ती इथंच रत्नागिरीला मिळते असं सिद्ध करायला बघितलं. मुलगा म्हणाला, "बाबा, गाडीत बसा." ते बसले.

काकींनी घराची किल्ली माझ्या हातात दिली. माझ्या पोरीच्या गालावरून हात फिरवला, बस्. काकांचं मात्र संपत नव्हतं. काच खाली करून सांगत होते: नळाचं पाणी कधी येतं, फणस कुणाला द्यायचे, मीटरवाला आला तर काय बोलायचं, काय बोलायचं नाही. "आणि कुणी विचारला तर सांग, ह्या घराचे मालक हायत, जरा बाहेर गेलेत." मुलानं गाडी सुरू केली. गाडी हलली तरी काका मान बाहेर काढून बोलतच होते. शेवटचं तेवढं ऐकू आलं:

"फाटक लाव गो! गुरं शिरतात!"

गाडी लाल धुरळ्यात वळली आणि हायवेच्या बाजूला दिसेनाशी झाली. तो रस्ता आमच्याच मालकांनी दाबलेला. मी रस्त्यावर उभी राहून बघत होते. आजवर गाडीत आम्ही असायचो, आणि रस्त्यावर उभं राहून बघणारे दुसरे असायचे.

मग मी आत येऊन त्यांचं फाटक ओढलं, आणि कडी आतून लावली.